कारच्या इंजिनाचा कप्पा पाण्याने नुकसान न होऊ देता घरी कसा साफ करावा?

आपण एरंडोलहून विचारले आहे की, सात वर्षे वापरलेल्या आपल्या पेट्रोल कारचे बोनेट उघडले की आत धूळ, कापसाचे पुंजके आणि तेलकट काळा थर दिसतो. शेजाऱ्यांनी वॉशिंग सेंटरवर प्रेशरने इंजिन धुऊन घेतले, तर दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी मिसिंग करू लागली, म्हणजे इंजिन अडखळत चालू लागले, आणि चेक इंजिनचा दिवा लागला. म्हणून हे काम घरी करता येईल का आणि करायचे तर काय काय जपावे, असे आपण विचारता. जळगाव परिसरात गाड्यांच्या वायरिंगचे काम मी बरीच वर्षे करत आहे आणि पावसाळा जेवढे काम देतो, जवळजवळ तेवढेच काम मला धुतलेल्या इंजिनांनी दिले आहे. त्यामुळे माझे मत आधीच सांगून टाकतो: हे काम घरी करता येते आणि घरी केलेलेच बरे, पण ते धुण्याचे काम नाही. त्यातला मोठा भाग कोरडा असतो, उरलेला ओल्या फडक्याचा असतो, आणि समोरची जाळी सोडली तर सगळे मिळून दोन लिटरच्या वर पाणी लागू नये.

इंजिनाच्या कप्प्यातील सगळी घाण सारखी नसते, हे प्रथम लक्षात घ्यावे. प्लॅस्टिकच्या झाकणांवर बसलेली काळ्या मातीची धूळ दिसायला वाईट असते, पण इंजिनाचे ती काही बिघडवत नाही. खरी काळजी करावी ती समोरच्या कंडेन्सर (एसीचा गॅस थंड करणारी जाळी) आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेल्या घाणीची. आपल्याकडे दिवाळीनंतर कापसाची वाहतूक सुरू झाली की रस्त्याकडेच्या बाभळींना जसा कापूस लटकलेला दिसतो, तसाच तो गाडीच्या समोरच्या जाळीतून आतही ओढला जातो. ते तंतू कंडेन्सरच्या बारीक पत्र्यांवर बसतात, त्यांवर धूळ आणि किडे चिकटतात आणि हंगाम संपेपर्यंत नमद्यासारखा एक थर तयार होतो. बाहेरून तो पूर्ण दिसतही नाही, कारण बराचसा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत असतो. मग एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर गेला की सिग्नलला उभ्या गाडीचा एसी गार हवा देईनासा होतो, इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकतो, आणि मालक गॅस भरून घेतो. गॅस पुरेसा असतो. वारा जायला वाट नसते. आपल्या गाडीत एकच गोष्ट साफ करायची असेल तर ही करावी.

दुसरी जागा म्हणजे वायपरखालचा खळगा. कडुनिंबाखाली किंवा गुलमोहराखाली गाडी उभी राहात असेल तर तिथे पानांचा लगदा साचतो आणि पाणी बाहेर जाण्याची दोन्ही कोपऱ्यांतील भोके बुजतात. पहिल्या जोराच्या पावसात तेच पाणी ब्लोअरमधून पायाशी उतरते किंवा तिथून जाणाऱ्या वायरिंगवर साचून राहते. तिसरी गोष्ट म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांजवळ, अडकलेला कापूस, सुके गवत आणि उंदरांनी आणलेल्या चिंध्या. हा भाग चालत्या गाडीत काहीशे अंशांपर्यंत तापतो आणि तिथे तेलाची गळती असेल तर आगीला लागणारे सगळे साहित्य एकत्र येते. ही घाण केवळ शोभेसाठी काढायची नसते.

आता पाणी नेमके कसे आत शिरते ते पाहू, कारण ते समजले की कुठे जपायचे हे वेगळे पाठ करावे लागत नाही. इंजिनावरच्या सेन्सरांच्या आणि इंजेक्टरांच्या कपलरला, म्हणजे वायर जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या जोडाला, आत रबरी सील असते. शिंतोडे आणि वाफ रोखण्यास ते पुरेसे असते. मात्र गाडी नुकतीच चालवून आणलेली असली की कपलरमधील हवाही तापलेली असते; त्यावर गार पाणी पडताच ती आकुंचन पावते, आत किंचित पोकळी निर्माण होते आणि सीलच्या कडेचे पाणी आत ओढले जाते. एकदा शिरलेले पाणी त्याच सीलमुळे बाहेर येऊ शकत नाही. आठ-पंधरा दिवसांनी असा कपलर उघडला की तांब्याच्या पिनेवर हिरवी बुरशी धरल्यासारखा थर दिसतो आणि नखाने खरवडला तर त्याची पूड निघते. तेवढा थर सेन्सरचे वाचन चुकवायला पुरतो. म्हणूनच धुतल्या दिवशी गाडी उत्तम चालली, यावरून काहीही सिद्ध होत नाही.

यावर नेहमी विचारले जाते की मग मुसळधार पावसात गाडी कशी चालते. पावसाचे आणि रस्त्याचे पाणी खालून व पुढून, कमी जोराने येते, आणि गाडी बनवणाऱ्याने त्या दिशा धरूनच झाकणे बसवलेली असतात. प्रेशरची नळी वरून, वीतभर अंतरावरून आणि नको त्या कोनातून मारली जाते. काही सुट्या भागांवर आयपी ६७ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ तो भाग १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे राहिला तरी आत पाणी जाणार नाही, एवढाच आहे. जोराच्या फवाऱ्याची चाचणी वेगळी असते: आयपी ६९ के या चाचणीत ८० अंश तापमानाचे पाणी ८० ते १०० बार दाबाने जवळून मारतात. पहिल्या चाचणीत उतरलेला भाग दुसऱ्या चाचणीत उतरेलच असे नाही, आणि घरगुती प्रेशर वॉशरचा दाबही १०० बारच्या आसपास असतो.

आपल्या शेजाऱ्यांच्या गाडीचे जे झाले त्याचे सर्वांत संभाव्य कारण म्हणजे प्लगच्या विहिरी. आजच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांत स्पार्क प्लग हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) मधोमध खोल खड्ड्यात असतो आणि प्रत्येक प्लगवर स्वतंत्र इग्निशन कॉइल बसते. कॉइलच्या रबरी टोपीच्या कडेने पाणी आत उतरले की ते त्या विहिरीत साचते, ठिणगी प्लगच्या टोकाऐवजी ओल्या रबरावरून बाजूच्या धातूकडे निसटते आणि तो सिलिंडर मिसिंग करतो. त्याखेरीज फ्यूज बॉक्स, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), डायनामो, एअर फिल्टरचे तोंड आणि हवेच्या नळीवरील सेन्सर, या जागा जपायच्या असतात.

कामाला सुरुवात करण्यापूर्वी गाडी निदान दोन-तीन तास बंद असावी. हेडवर हात ठेवून ठेवता आला पाहिजे. आपल्याकडे उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर, सावलीत करावे, कारण तापलेल्या धातूवर साफ करण्याचे द्रव क्षणात वाळते आणि अॅल्युमिनियमवर डाग पाडते. बोनेट उघडल्यावर फडके उचलण्याआधी मोबाईलवर सर्व बाजूंनी फोटो काढावेत. वायर आणि नळ्या कुठून गेल्या आहेत हे नंतर पाहता येते, हा त्याचा लहान फायदा. मोठा फायदा असा की तेलाची गळती कुठून सुरू होते हे त्या घाणीवरच लिहिलेले असते. तेल नेहमी खाली आणि मागे पसरते, म्हणून ओल्या काळ्या थराचे सर्वांत वरचे टोक शोधावे. ते बहुधा टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या सर्वांत वरच्या झाकणाच्या, पॅकिंगपाशी सापडते. आधी साफ करून मग गाडी फोरमनकडे नेली तर त्याला सांगण्यासारखे काही उरत नाही. कूलंटचा पांढरा, हिरवा किंवा गुलाबी सुकलेला ओघळ दिसला तर त्याचाही फोटो घ्यावा आणि ती दुरुस्ती आधी करावी.

त्यानंतर बॅटरीची वायर काढावी. बहुतेक गाड्यांत त्यासाठी १० नंबरचा पाना लागतो. मायनसची वायर आधी काढायची आणि शेवटी बसवायची, कारण प्लसचा नट सोडवताना पाना बॉडीला लागला तरी मायनस सुटलेला असल्यामुळे शॉर्ट होत नाही. वायर काढल्याने घड्याळ मागे जाते, काही गाड्यांत म्युझिक सिस्टीम कोड मागते आणि काचांचे ऑटो बटण पुन्हा जुळवावे लागते. एवढा त्रास सोसावा. रेडिएटरचा विजेवर चालणारा पंखा किल्ली काढल्यावरही काही गाड्यांत आपोआप फिरू लागतो आणि आपला हात त्या वेळी नेमका तिथेच असतो, हे वायर काढण्याचे आणखी एक कारण आहे.

कोरड्या कामाला घाई करू नये. पाच मऊ ब्रश घेण्यापेक्षा दोन चांगले घ्यावेत: एक रंगकामाचा दीड इंची ब्रश, ज्याच्या धातूच्या पट्टीवर इन्सुलेशन टेप गुंडाळलेली असेल, आणि एक जुना टूथब्रश. वरून खाली या क्रमाने धूळ सुटी करावी आणि घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यावी. ब्लोअरने उडवलेली धूळ बऱ्याच वेळा एका कपलरवरून दुसऱ्या कपलरवर जाऊन बसते, म्हणून मी ओढण्याला पसंती देतो. वायपरखालच्या खळग्यातील पाने हाताने काढावीत आणि कोपऱ्यातील भोकांत जाड वायर न खुपसता प्लॅस्टिकची लवचीक पट्टी फिरवावी. खाली रबरी तोंड असते, ते फाटू नये. उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर मास्क आणि हातमोजे घालूनच हात लावावा, आधी जंतुनाशकाने भिजवाव्यात आणि ओल्या कागदाने उचलाव्यात; कोरड्या झाडू नयेत. त्याच वेळी बोटांनी वायरी चाचपून कुठे कुरतडल्या आहेत का ते पाहावे.

कंडेन्सरच्या जाळीसाठी कॉम्प्रेसरची हवा लागते, पण दाब दोन बारच्या आसपास ठेवावा आणि नळी हातभर लांब धरावी. हवा इंजिनाच्या बाजूने पुढे, म्हणजे घाण ज्या दिशेने आत आली त्याच्या उलट, मारायची असते. समोरून मारली तर पुंजके मधल्या फटीत आणखी घट्ट बसतात. त्या पत्र्या इतक्या पातळ असतात की नळी तिरकी झाली तरी आडव्या होतात आणि एकदा आडव्या झालेल्या पत्र्यांतून वारा जात नाही. मधल्या फटीतला थर वरून चिमट्याने धरून सावकाश ओढला तर बऱ्याचदा अखंड निघतो. निघाला नाही, तर पंख्याची चौकट काढावी लागेल आणि ते काम गॅरेजवर सोपवावे. साध्या होज पाइपचे हलके पाणी चालते अशी कप्प्यातील ही एकमेव जागा आहे, तेही फक्त जाळीपुरते, सरळ रेषेत, आणि मागचे भाग झाकून.

आता ओले काम. फ्यूज बॉक्स, ईसीएम, डायनामो, कॉइलांची रांग आणि एअर फिल्टरचे तोंड जाड प्लॅस्टिकच्या पिशवीने झाकून वर रबर बँड किंवा टेप लावावी. तेलाचे झाकण, डिपस्टिक आणि ब्रेक ऑइलच्या बाटलीचे झाकण घट्ट आहे याची खात्री करावी. ब्रेक ऑइल हवेतील ओलावाही शोषून घेते, म्हणून ते झाकण साफसफाईच्या निमित्ताने उघडूसुद्धा नये. द्रव निवडताना पाण्यात मिसळणारे सौम्य डिग्रीझर (तेलकटपणा काढणारे द्रव) घ्यावे आणि बाटलीवर दिलेल्या प्रमाणापेक्षा कडक करू नये. धुण्याचा सोडा आणि कॉस्टिकयुक्त पावडरी अॅल्युमिनियम काळे पाडतात. आपल्याकडे डिझेल किंवा रॉकेल मारून इंजिन चकचकीत करण्याची जुनी पद्धत अजून आहे, तिला मात्र ठाम नकार द्यावा. कूलंटच्या नळ्या ज्या रबराच्या असतात ते बहुधा ईपीडीएम प्रकारचे असते. पाणी आणि उष्णता ते उत्तम सहन करते, पण खनिज तेलाने फुगते व मऊ पडते. चकाकी आठ दिवस टिकते आणि नळी काही महिन्यांनी घाटात फुटते. पेट्रोलचे तर नावही काढू नये, त्याची वाफ साध्या ठिणगीने पेटते.

द्रव थेट इंजिनावर न फवारता फडक्यावर किंवा ब्रशवर घ्यावे आणि एका वेळी ताटाएवढाच भाग घ्यावा. दोन-तीन मिनिटे थांबून ब्रशने घासावे, साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने दोनदा पुसावे आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपावे. फडके पिळल्यावर थेंब पडता कामा नये. बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात आणि वाळल्यावर काळ्या प्लॅस्टिकवर पांढरे डाग राहतात, म्हणून शेवटच्या पुसण्यासाठी आरओचे पाणी घ्यावे. कपलरांवर द्रव वापरू नये. त्यांच्या बाहेरची धूळ कोरड्या ब्रशने काढली की पुरे. पट्ट्याला डिग्रीझरही नको आणि तेलही नको. बोनेटच्या आतील बाजूचे फेल्टचे आवरण फक्त व्हॅक्यूमने साफ करावे, कारण भिजले की ते दिवसभर वाळत नाही आणि पुढे लोंबू लागते.

बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा फुलोरा असेल तर कपभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून ते टूथब्रशने लावावे. सोडा आम्लाला निष्प्रभ करतो आणि फेस येणे थांबले की काम झाले असे समजावे. झाकणे असलेल्या बॅटरीत हे पाणी आत जाऊ देऊ नये. कोरडे केल्यावर वायर घट्ट करून वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्यावा.

सगळ्या पिशव्या काढल्यावर बोनेट उघडे ठेवून गाडी तास-दोन तास उन्हात ठेवावी. पावसाळा सोडला तर खान्देशातील कोरडी हवा या कामी आपल्या बाजूने असते. बॅटरी जोडून गाडी सुरू करावी आणि रेडिएटरचा पंखा एकदा चालू होऊन बंद होईपर्यंत जागेवर चालू द्यावी. एवढ्या वेळात कप्पा सगळीकडे सारखा तापतो आणि राहिलेली ओल उडून जाते. मीटर असेल तर चालू गाडीत बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतो, तिथे आकडा थोडा खाली दिसला तरी लगेच डायनामोवर संशय घेऊ नये.

एवढे करूनही, किंवा दुसऱ्या कोणी धुतल्यामुळे, गाडी मिसिंग करू लागली तर ती तशीच दामटू नये. चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला असेल तर गॅरेजपर्यंत सावकाश जाता येते. तो लुकलुकत असेल तर तिथेच थांबावे, कारण न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो महागडा भाग वितळतो. बॅटरीची वायर काढून कॉइल एकेक करून वर ओढाव्यात, विहिरीत टॉर्च मारून पाहावे. पाणी दिसले तर ते सुती कापडाच्या वातीने टिपावे, मग हवेने कोरडे करावे. पाणी असताना प्लग खोलू नये, ते सरळ सिलिंडरमध्ये जाईल. कॉइलच्या रबरी टोपीत केसासारखी पांढरट रेघ दिसली तर ठिणगीने तिथून कायमची वाट केली आहे असे समजून टोपी बदलावी. बसवताना टोपीच्या आतील कडेला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्यावा. स्कॅनरवर पी०३०१ ते पी०३०४ यांपैकी कोड आला तर शेवटचा आकडा सिलिंडरचा क्रमांक असतो, त्यामुळे चारही कॉइल बदलण्याचा सल्ला कोणी दिला तर आधी तो आकडा विचारावा. आपल्या शेजाऱ्यांनाही हे सांगावे. कदाचित त्यांचे काम नुसत्या वाळवण्यावर भागेल. मात्र महिना उलटला असेल तर प्लगही काढून पाहावेत, कारण साचलेल्या पाण्याने त्यांचा लोखंडी भाग गंजून अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये आवळला जातो आणि पुढे काढताना आटे तुटतात.

सीएनजीचे किट असेल तर रेड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) आणि गॅसच्या नळ्या कोरड्या फडक्याने पुसण्यापलीकडे त्यांच्याशी खेळू नये. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसतात, त्या उच्च व्होल्टेजच्या असतात. १२ व्होल्टची बॅटरी काढली तरी त्या भागाला ओले फडके लावू नये.

किती वेळा करावे, याचे उत्तर आपल्या हंगामावर आहे. कंडेन्सरची जाळी कापसाची वाहतूक ओसरल्यावर, मार्चमध्ये. वायपरखालचा खळगा मेअखेरीस, मृगाच्या आधी. आणि ओल्या फडक्याने पुसणे वर्षातून एकदा पुरे. प्लॅस्टिकला चमक आणणारे सिलिकॉनचे तेलकट पॉलिश मी सुचवत नाही. आपल्याकडची बारीक माती त्यावर आठवड्यात चिकटून बसते, आणि गाडी विकायची असेल तर लखलखणारे इंजिन पाहून जाणकार गिऱ्हाईक आधी गळती शोधू लागते.

बाहेरून गाडी धुण्यासाठी वॉशिंग सेंटरवर जायला हरकत नाही. तिथे बोनेट बंदच ठेवायला सांगावे. गाडी रॅम्पवर चढवून खालून धुणार असतील तर चाकांच्या कमानी आणि चॅसिसपुरतेच पाणी मारावे, पुढच्या भागात खालून वर नळी धरू नये असे स्पष्ट बजावावे. बऱ्याच गाड्यांत डायनामो आणि एसीचा कॉम्प्रेसर खाली, पुढच्या बाजूलाच असतात, आणि त्यांच्या कपलरपर्यंत पाणी पोहोचायला ती वाट सर्वांत सोपी असते.